जाहिरात दिसायला नको

जाहिरात दिसली की काका ती अंगठ्याने झाकायचे. अंगठा नेमका तिच्यावरच दाबला जायचा आणि जाहिरात अख्ख्या पडद्यावर पसरायची. मग फोन माझ्या टेबलावर उपडा ठेवून म्हणायचे, “वहिनी, हे जाहिरातवाले भिया लोक पाठ सोडत नाहीत.”

असे शेजारी तुमच्याकडेही असतील. आमच्या देवासच्या कॉलनीत फोनचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, पण काकांइतकं कुणी छळलं नाही. कारखान्यातून निवृत्त झालेले, फोनची भाषा हट्टाने मराठी. दर आठवड्याला नवा ब्राउझर. “हा जास्त खाजगी आहे म्हणतात.”

“आधी आहे त्यातला गुप्त टॅब वापरा,” मी म्हटलं.

काका कानापर्यंत लाल. “हळू बोला. हा शब्द इथून बदनावर गावापर्यंत भिंतींवर रंगवलाय, कसल्या रोगांसाठी ते तुम्हाला ठाऊक आहे. हिने बघितलं तर?”

म्हणजे एका शब्दापायी सगळं शोधणं उघड्यावर. काय शोधत होते ते जाहिरातीच सांगत होत्या : कंपवाताची औषधं, थरथरत्या हातांसाठी चमचे. आणि त्याच फोनवर काकू पाककृती बघायच्या.

“हिला कळायला नको. घाबरेल.”

मी वैतागून जाहिराती अडवणारा एकच ब्राउझर ठेवला. बंद केला की आपोआप सगळं पुसणारा. बाकीचे काढून टाकले. “आता नवा घातलात तर फोन जप्त करीन.”

काही दिवसांनी काकू आल्या. “अगं, जाहिराती का येत नाहीत?”

“बरंच झालं की.”

“काय बरं? यांना विचारलं तर ‘काही नाही’. जाहिरातींवरून तरी कळायचं काय चाललंय. चमचे दिसले तेव्हापासून मी यांचा कप अर्धाच भरते.”

“एका घरात राहता ना? बोला की एकमेकांशी.”

“सांगतील तेव्हा सांगतील. तू ते काढ.”

काढलं. काकांनी तक्रार केली तेव्हा म्हटलं, याच्यावर इलाज नाही. त्यांनी काकूंना शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकूंनीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी काका गेले. तेराव्यानंतर काकू फोन घेऊन आल्या. “अजून त्यांच्याच औषधांच्या येतात गं. आता बंद कर.”

दोन मिनिटांचं काम. करून दिलं. उघडून दाखवलं तेव्हा पडद्यावर पाककृती तेवढी होती, आजूबाजूची जागा पांढरी. काकू चष्मा न लावता तिकडे बघत बसल्या.