न लावलेला कौल

बायकोच्या डाव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उठली, तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. कट्टा या बाजारगावाच्या पलीकडे आमचं गाव, काजू भाजून फोडायचा आमचा धंदा. हंगामात टरफलातून सुटणाऱ्या चिकट, तेलकट डिकाने बायकांचे हात काळे होतात, पावसाळ्यात उजळतात. तिची रेघ पावसाळा सरला तरी गेली नाही, उलट रुंदावली. ती म्हणाली, "देवाक कौल लावून इचारा, दाक्तराक दाखवू काय?" ग्रामदेवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की होकार, आमच्याकडे मोठी गोष्ट अशीच ठरते. मी देवळाच्या पायरीपर्यंत गेलो. देवाने 'दाखव' म्हटलं आणि तिचा हात थांबला, तर भट्टी कशी चालायची? तसाच माघारी फिरलो, बाजारात चहा घेतला आणि घरी येऊन सांगितलं, "देव म्हणता, डिकाचो डाग आसा. भियां नको." देवाच्या नावाने मी खोटं बोललो. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पुढे तिला खोकला धरला म्हणून दवाखान्यात नेलं. नेहमीचे डॉक्टर लग्नाला गेलेले, त्यांच्या जागी एक तरुण बाई होत्या. प्राणवायू मोजायचा चिमटा त्यांनी उजव्या बोटाला लावला, पण आकडाच येईना. म्हणून डावा हात मागितला. पदराखाली मिटलेला तो हात बायकोने पुढे केला आणि डॉक्टरबाई खोकला विसरल्या. "हे कधीपासून?"

"काजयेचो डीक तो," बायको हसली. "काजूगर गोड लागतत ना? मगे हात बघू नकात."

बाईंनी स्पिरिटने पुसलं, भिंगातून पाहिलं. "साधा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. हा मागे, कातडीवर उतरलाय." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "कातडीचा कर्करोग वाटतोय. क्वचित होतो, पण उशीर करू नका. उद्याच गोव्याला न्या."

आमच्यानंतर आत आलेल्या माणसाला त्याच चिमट्याने उजव्याच बोटावर लगेच आकडा दिला. का, ते मी कुणाला विचारलं नाही.

तपासणीत त्यांचं म्हणणं खरं निघालं. अर्धा अंगठा काढावा लागला, काखेतल्या गाठींपर्यंत मात्र रोग पोचला नव्हता. पट्टी बांधलेल्या त्या हाताशी बसून मी तिला सगळं सांगितलं.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "देवळातसून येतास तेव्हा कपाळाक अंगारो असता. त्या दिशी नाय होतो."

"मगे दाखवूक गेलंस कित्याक नाय?"

"देवाच्या नावान सांगल्यात. तुमका खोटे पाडूक जीव झालो नाय."

त्या उत्तराने बसलेला धक्का रोगाच्या नावापेक्षा मोठा होता. शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं, असं मी समजत होतो. ती तर माझ्यासारख्याच्या शब्दाला शरण गेली होती, आणि देवाने तो शब्द ओलांडून, आकडा न देणाऱ्या त्या चिमट्यातून तिला गाठलं. आता देवापुढे गाऱ्हाणं घालताना मी मागत काही नाही. आधी खरं काय ते सांगतो, मग ती जिवंत आहे म्हणून हात जोडतो.