तिची पट्टी माझ्या हातात

लेकीच्या मनगटावर असायला हवी होती ती पट्टी मी स्वतःच्या मनगटावर घालून फिरलो. एकदा नाही, उन्हाळाभर. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे, त्यांत पहिला मीच आहे.

आमच्या मुलीला मेंदूच्या वाढीचा एक आजार आहे, फार क्वचित कुणाला होतो असा. लहानपणी चार शब्द बोलायला लागली होती. ते गेले, वस्तू हातात धरणं गेलं, आणि हात एकमेकांत पिळत राहणं तेवढं उरलं. साबण लावल्यासारखे हात चोळते, बोटांची सालं निघेपर्यंत. आजाराचं नाव कळायलाच आमची कितीतरी वर्षं गेली. तोवर कुणी तिला गतिमंद म्हणालं, कुणी बाहेरचं काहीतरी म्हणालं. म्हणून महिन्यातून एकदा शिरूरला येणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरबाईंनी घड्याळासारखी ती पट्टी पुढे केली, तेव्हा मला भरून आलं. तिच्या आत सेन्सर होता. हातांची हालचाल, नाडी, झोप, सगळं टिपून फोनवरून पुण्याला जाणार होतं. नवं औषध लागू पडतंय का, ते त्यावरून ठरणार होतं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पोरीकडे नीट बघणार होतं.

पण पट्टी तिच्या हातावर राहीना. हात सारखे तोंडाशी, लाळ पट्टीखाली साचायची, वर शिरूरचा मे महिना. मनगटावर लाल चट्टे उठले. बायको पट्टी काढून खोबरेल लावायची. लगेच त्या औषधाचा अभ्यास करणाऱ्या ऑफिसातून फोन, "सर, वेअर टाइम कमी येतोय, पट्टी हातावर फार कमी वेळ असते. असंच राहिलं तर अभ्यासातून नाव कमी करावं लागेल."

नाव कमी करावं लागेल! माझी मुलगी काही कंपनीत कामाला नव्हती. ज्यांनी ती पट्टी बनवली, त्यांनी असा हात कधी पाहिला तरी होता का? हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. मी एमआयडीसीत राबणारा माणूस. अंगठ्याची मशीन यायच्या आधी कुणी अडकला की दुसरा त्याचं हजेरीचं कार्ड पंच करायचा. त्याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो, सांभाळून घेणं म्हणायचो. तसंच मी लेकीला सांभाळून घेतलं. घरी असलो की पट्टी माझ्या मनगटावर, पूर्ण बाहीच्या शर्टाखाली. बायकोला सांगितलं, "तिचे चट्टे बरे होईपर्यंत मी चार्जिंगचं वगैरे बघतो." तिनं विश्वास ठेवला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. "बघा, हात किती शांत झालेत. झोपही छान. औषध काम करतंय."

बायको म्हणाली, "शांत कुठं? ही बोटं बघा की. आन् औषधानं पोर दिवसभर गुंगते, मान वर करत न्हाई."

"थोडी गुंगी येते सुरुवातीला. तुम्ही चोवीस तास तिच्यासोबत असता ना, म्हणून तुम्हाला फरक जाणवत नाही."

चोवीस तास सोबत असते म्हणून तिला कळत नाही! आणि यंत्राला कळतं! अजून आठवलं की डोकं तापतं. पण त्या खोलीत खरं माहीत असलेला माणूस मीच होतो, आणि मी पंख्याकडे बघत बसलो. औषध चालू राहिलं.

नंतर आम्ही दौंडला गेलो, बायकोच्या माहेरी. घर रुळांजवळच. गाडीचा हॉर्न वाजला की आमची लेक मान वळवून खिडकीकडे बघते. तिला बोलता येत नाही, पण डोळ्यांनी ती गाडीला ओ देते, आणि सासरे म्हणतात, "आली बघ बाई तुझी गाडी." त्या दुपारी पुण्याची डेमू गेली. मागून मालगाडी गेली. तिनं डोळे उचलले नाहीत. हात तेवढे पिळत होती.

सासरे तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्या वर सरकलेल्या बाहीकडे. "का वो पाव्हणं, पोरीचं घड्याळ तुमच्या हातात? लई आवडलं का काय?"

बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "कवापासनं?"

मी पट्टी सोडवायला लागलो.

"म्हंजी डॉक्टरबाई ज्ये हात शांत झाले म्हणल्या, त्ये तुमचे हात व्हते?"

मी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेली. सासरे एवढंच म्हणाले, "आमची पोर डॉक्टरबाईंम्होरं खोटी पडली, आन् तुम्ही बघत बसलात."

तपासणीच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी औषध हळूहळू कमी करायला सांगितलं आणि शिरूरला बोलावलं. तिथं मी पट्टी टेबलावर ठेवली. त्या संतापल्या, आणि त्यांचा संताप रास्तच होता. "सगळा डेटा वाया गेला. पट्टी टोचते हे सांगायचं होतंत ना!"

"माझं चुकलं, मॅडम. पण तिची आई बोटं दाखवत होती, तेव्हा तुम्ही स्क्रीन बघत होतात. डेटा वाया गेला म्हणता, माझ्या पोरीचा उन्हाळा वाया गेलाय."

त्या उठून लेकीजवळ आल्या आणि तिची बोटं हातात घेऊन बघायला लागल्या.

मग जिथं बायको खोटी पडली होती, त्याच खोलीत, डॉक्टरबाईंच्या समोर मी तिला म्हणालो, "तू खरं सांगत होतीस. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. माफ कर मला."

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "तिला सांगा."

लेक खुर्चीत हात पिळत बसली होती. मी तिच्या डोळ्यांसमोर येईन असा खाली बसलो.

"बाई, तुझ्या नावावर मी निवांत झोपलो. चुकलो मी. मला माफ कर."