माटोळीच्या गाठी

कारापूरच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे टेकडीच्या उतारावरच्या घरांच्या ओळीत, वर्षभर एकाच घराचे दार उघडे असते. ते माझे. बाकीची घरे चतुर्थीला उघडतात आणि विसर्जन झाले की पुन्हा कुलपे लागतात.

सुका कचरा नेणारी पंचायतीची गाडी मंगळवारी सकाळी येते. चढण अरुंद आहे. पावसाळ्याआधी पंच सांगून गेले होते की मिसळलेला कचरा एकदा जरी सापडला तरी गाडी वर येणार नाही. ज्याने त्याने तो खाली रस्त्यावर आणून द्यावा. खाली चालत जाणे मला जड नव्हते. पण गाडी फाटकाशी थांबते, भोंगा वाजतो, कचरा घेणारी बाई दोन शब्द बोलते. कित्येक आठवड्यांत माणसाशी समोरासमोर झालेले माझे बोलणे तेवढेच असते. गाडी बंद व्हायला नको होती.

यंदा विसर्जन रविवारी झाले. सोमवारी सकाळी पुण्याचा भाऊ आणि त्याचे कुटुंब निघाले.

"भावोजी, कचऱ्याच्या पिशव्या मागच्या पडवीत ठेवल्यात हां," भावजय म्हणाली. "वेगळं करायला वेळच झाला नाही."

"राहू दे गं," भाऊ डिकी लावत म्हणाला. "दादाला तेवढाच उद्योग. नाहीतर आमच्यामागे हा करणार काय?"

सगळे हसले. मीही हसलो. समोरच्या घरातल्यांनी जाताना आपल्याही पिशव्या माझ्या फाटकाला अडकवल्या. "तुमच्याकडे गाडी येते ना?" असे त्यांनी विचारले आणि उत्तर येण्याआधी ते रिक्षात बसले.

दुपारी मी पडवीत पिशव्या ओतल्या. पातोळ्या उकडलेली हळदीची पाने, भाजीची साले, उष्टे अन्न हे सगळे परसातल्या खतखड्ड्यात गेले. वर सुका पाचोळा पसरला, म्हणजे वास येत नाही. दुधाच्या पिशव्या तांदळाच्या धुवणात विसळून दोरीवर वाळत घातल्या. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नसतो. सुटलेला तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, तो मातीतच राहतो. पाहुण्यांनी सगळे कोपरे तोडले होते. मिठाईच्या खोक्यांतला चिकट कागद सोलून काढला. खरकट्यात भिजलेला पुठ्ठा पुन्हा पुठ्ठा म्हणून घेतला जात नाही. कचरा वेगळा ठेवायचा तो यासाठीच. एक ओली पिशवी बाजूच्या कोरड्या पिशवीचीही किंमत घालवते.

शेवटी माटोळी राहिली. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली रानफळांची ती चौकट भावाने सोडवली होती आणि तशीच खड्ड्याजवळ टाकली होती. कवंडळे, तोरिंजन, सुपारीचा कात्रा म्हणजे घोस. सगळे कुजणारे, म्हणून खतात घालायला हरकत नाही असे कुणालाही वाटेल. आमच्या लहानपणी ती सालीच्या दोराने बांधत आणि फळांबरोबर दोरही कुजे. आता नायलॉनची सुतळी असते. मागच्या वर्षीची माटोळी मी न पाहता पुरली होती. उन्हाळ्यात खत उकरले तेव्हा फळांचा मागमूस नव्हता. गाठी मात्र जशाच्या तशा निघाल्या.

म्हणून या वेळी एकेक गाठ सोडवत बसलो. बांधताना घरातले सगळे हात लागले होते. कुणी फळ धरले, कुणी दोरा ओढला, भाऊ शिडीवरून सगळ्यांना रागे भरला. कुठली गाठ कुणाची ते कळत होते. भाऊ दुहेरी मारतो. भावजयीची सैल असते, ती लगेच सुटली. अंधार पडायच्या आत काम संपले.

मंगळवारी भोंगा वाजला. बाईने एकेक पिशवी हाताने दाबून पाहिली.

"हें सगळें तुमीच वेगळें केलें, काका? घरचीं खंय गेलीं?"

"गेली काल."

"सगळीं?"

"सगळी."

तिने पिशव्या गाडीत टाकल्या. मिसळलेले काही सापडले नाही. गाडी वर येत राहणार होती.

पुढच्या मंगळवारी माझ्या पिशवीत दुधाच्या काही पिशव्या आणि बिस्किटांचा एक कागद होता. बाईने ती उचलून पाहिली.

"इतलोच?"

"इतल्याखातीर आमी वयर आयले!" चालकाने आतून ओरडून सांगितले. "काका, तुमी कचरोच करिनात मरे!"

"म्हयन्यांतल्यान एकदां दिलो तरी चलता," बाई म्हणाली. ती माझा त्रास वाचवत होती.

"नको," मी म्हणालो. "दर मंगळवारी देतो."

तिने माझ्याकडे पाहिले, मग मागच्या कुलपांकडे. "बरें तर. येतां," ती म्हणाली.

तेव्हापासून मंगळवारी मी फाटकाशी पिशवी घेऊन उभा असतो. कधी तीत फारसे काही नसते. खत उकरताना मागच्या वर्षीची एखादी गाठ अजून वर येते. ती मी धुऊन, वाळवून पिशवीत टाकतो.