माठाखालचा डबा

फोन आला तेव्हा अकरावीचं प्रॅक्टिकल चालू होतं. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकायचा, काळंनिळं पडलं की पिष्ट आहे असं लिहायचं. दत्ताचा फोन होता, माझ्या नणंदेच्या मुलाचा. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं. अशा वेळी माणूस बरं का म्हणतो, कोण जाणे... तेवढ्यात एका मुलीनं जर्नल पुढं केलं आणि मी त्यावर सहीसुद्धा केली.

शैला माझी धाकटी नणंद. टाकवे बुद्रुकला दिलेली. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि तोंडानं अशी फटकळ की भल्याभल्यांची बोलती बंद. मी तळेगावात कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. लग्न होऊन आले तेव्हा हिनं गावभर सांगितलं होतं की वहिनी बेडकं फाडते, तिच्या हातचं जरा बघून खा. नंतर मात्र दरवर्षी नव्या इंद्रायणी तांदळाचं पहिलं पोतं माझ्याच घरी यायचं, आणि सोबत टोमणाही, की तुमच्या कुकरात त्याचा चिखल करू नका. मला सख्खी बहीण नाही. हिच्यामुळं ते कधी जाणवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिला जेवण जाईना. पित्त, पित्त म्हणत तिनं बरेच दिवस काढले. मग पुण्याला दाखवलं तर जठरात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण सगळी काढता आली नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एका प्रथिनाचं नाव सांगितलं, अक्षरं आणि आकडे यांची नुसती खिचडी. ते तिच्या गाठीत भरपूर सापडलं तर एका नव्या औषधाच्या चाचणीसाठी तिचा विचार होईल, असं म्हणाले. ते तपासायला गाठीचा तुकडा दुसऱ्या लॅबमध्ये न्यायचा होता. आपल्याकडे ही ने-आण घरच्यांनाच करावी लागते. मेणाच्या वडीत बसवलेला तो नखाएवढा तुकडा त्यांनी छोट्या पिशवीत घालून आमच्या हातात दिला आणि ऊन लागू देऊ नका म्हणून बजावलं.

मधे रविवार होता. शैलानं पिशवी घरी नेली, स्टीलच्या छोट्या डब्यात घातली आणि तो डबा माठाच्या तिवईखाली ठेवून वर ओलं फडकं टाकलं. त्या घरात तीच सगळ्यात गार जागा. मग पडवीत बसून मला विचारायला लागली की हे प्रथिन असतं तरी काय आणि अंगात शिरलं कुठून. मी शिकवण्याच्या सवयीनं सुरू झाले. बाहेरून नाही शिरलं, सगळ्यांच्याच शरीरात थोडं असतं, पेशी वाढायला लागतं. भाताला युरिया लागतोच, पण जास्त पडला की पीक माजतं आणि आडवं होतं, तसं झालंय. या प्रथिनावरून आजाराची ओळख पटते, आणि पुढंमागं त्याच्यावरच औषधाचा नेम धरता येईल... ती ऐकत होती, पण डोळे माठाकडे होते.

"म्हंजी ह्ये माझंच हाय व्हय, वैनी? मग मलाच का खातंय?"

मी पुन्हा युरियावरच आले. इतकी वर्षं हाच विषय शिकवतेय, त्यापुढचं मला अजूनही येत नाही.

लॅबनं काप घेतले, तुकडा परत दिला, तो पुन्हा माठाखाली गेला. काही दिवसांनी रिपोर्ट आला. प्रथिन भरपूर होतं, ते दाखवणाऱ्या रंगात जवळजवळ सगळ्या पेशी रंगल्या होत्या. दत्ता लोणावळ्याला हॉटेलात कामाला आहे, तो येताना चिक्कीचा पुडा घेऊन आला. घरात सणासारखं झालं. मी मात्र तोवर इंटरनेटवर मिळेल ते वाचून काढलं होतं. ज्या खुणेवर औषधाचा नेम धरायचा, तीच खूण आजार वेगानं पळतोय असंही सांगत होती. जितकं प्रथिन जास्त, तितकी चाचणीत जागा मिळायची आशा जास्त, आणि तितकेच हातातले दिवस कमी. शैलाला घास उतरत नव्हता. तिनं चिक्कीचा एक कण जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत तोंड मिटून हसत बसली. इतका वाईट आनंद मी आयुष्यात पाहिला नाही.

चाचणीत घ्यायचं तर रक्ताचे रिपोर्ट ठरावीक मर्यादेत असावे लागतात. आम्ही पोचलो तोवर आजार यकृतात गेला होता, तिचे डोळे पिवळे झाले होते. डॉक्टर वाईट नव्हते. औषध अजून सिद्ध झालेलं नाही, अशा प्रकृतीत ते देता येणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. बाहेर बाकावर बसल्यावर शैला मला म्हणाली, "नेम धरलाय म्हनलात न्हवं? मग मारा की." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी वाचलेल्या प्रत्येक लेखात एक शब्द होता, संभाव्य. संभाव्य खूण, संभाव्य लक्ष्य. वर्गात हा शब्द मी किती सहज वापरत आले. आता तो दिसला की अंगाचा तिळपापड होतो. कुणासाठी संभाव्य? अजून जन्मालाही न आलेल्या कुणासाठी असेल. माझ्या शैलासाठी नव्हता.

शेवटचं भेटले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. चमच्यानं पाणी पाजलं, तेही ओठांवरून ओघळलं. मला वाटलं, ओळखत नाहीये. मी उठले तशी हळूच म्हणाली, "वैनी, फडकं वाळलंय का बघा." म्हणजे इतकं होऊनही तिला वाटत होतं की त्या तुकड्याची अजून गरज पडेल... मी फडकं ओलं केलं. स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग बाहेर आले.

दहाव्याला नदीवरून परतल्यावर दत्तानं डबा माझ्यापुढं धरला. "मामी, ह्यो बी सोडाय पायजेल हुता का?" असल्या गोष्टीचा विधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनाही माहीत नव्हता. रुग्णालयानं संशोधनासाठी मागितला होता, पण द्यायला दत्ताचा हात होईना, टाकायलाही होईना. मी तो तळेगावला घेऊन आले.

आता तो माझ्या माठाखाली आहे. मेण असं घरात वितळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तिचे हात गेले, टोमणे गेले, यंदा तांदूळही आला नाही. मेणात मात्र ते प्रथिन वर्षानुवर्षं टिकतं. सगळी शैला जळून गेली आणि जे तिला खात होतं तेवढंच उरलं. आणि रोज सकाळी माठ भरून झाला की फडकं भिजवून त्याला गार ठेवतेय, ती मीच.