माझा अंगठा आणि वाकड्या शिंगाची गाय

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर गाय उभी राहिली, तेव्हा जखमी माणसाचे सगळे हक्क मला पाठ होते.

त्याचं असं झालं, की आदल्याच आठवड्यात आमच्या सावेडीच्या महिला मंडळात एका वकीलबाईंचं ‘अपघात, इजा आणि आपले हक्क’ या विषयावर व्याख्यान झालं होतं. बाकीच्या बायका भेळेची वाट बघत होत्या, मी मुद्दे उतरवून घेत होते. घरी येऊन ते स्वच्छ अक्षरात लिहिले, लॅमिनेट केले आणि फ्रिजवर लावले. आधी उपचार, मग भांडण. घटनास्थळाचे फोटो काढा. साक्षीदारांची नावं घ्या. दवाखान्याचे कागद फेकू नका. घाईत कशावरही सही करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जबाबदार कोण ते नक्की करा. (माझ्या फ्रिजवर सिलिंडरपासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळ्याच्या याद्या आहेत. आमचे हे म्हणतात, आता फ्रिज उघडायलाही अर्ज करावा लागेल. ह्यांच्याकडे लक्ष देऊ नये.)

आता आबांबद्दल. आबा म्हणजे माझे सासरे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, सगळा जन्म काष्टीजवळच्या वस्तीवर गेलेला, त्यातला निम्मा गोठ्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सगळ्यांना एकत्र बसवून त्यांची निवृत्ती व्यवस्थित आखून दिली. जनावरं विकायची, शेती धाकट्या दिरांनी, म्हणजे बापूभाऊजींनी बघायची, आबांनी आमच्याकडे सावेडीत राहायचं. तिसरा मजला, लिफ्ट, खोलीत पंखा, समोर दवाखाना. आणखी काय पाहिजे माणसाला?

आबा पहाटे उठायचे आणि गॅलरीतून खाली पार्किंगमधल्या स्कूटरींकडे बघत बसायचे. एकदा मी विचारलं, “आबा, रोज काय बघता?”

“काय न्हाई. एक पण मान हलवत न्हाई.”

मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. नवीन जनावर घ्यायचं नाही, आणि घेतलंच तर पुढच्याच बाजाराला परत विकायचं, असं मी सगळ्यांसमोर ठरवून घेतलं होतं. आबा त्याला “व्हय” म्हणाले होते.

तर त्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो होतो आणि काष्टीचा बाजार होता. आबा म्हणाले, “जरा चक्कर मारून येतो.” मी म्हटलं, “मीही येते.” (लसूण संपला होता आणि आबांवर विश्वास नव्हता.)

आबांची चक्कर सरळ जनावरांच्या बाजारात गेली. “नुसतं बघतो,” म्हणाले. थोड्या वेळाने मी वळून पाहते तर आबांचा उजवा हात एका हिरव्या टॉवेलखाली आणि त्याच टॉवेलखाली एका दलालाचा हात!

“आबा, हे काय चाललंय?”

“बोटं आखडल्यात गं. दाबून देतोय बिचारा.”

किती भली माणसं असतात जगात, असं मनाशी म्हणून मी मोबाईलमधली बाजाराची यादी तपासायला लागले. चालता चालता बाजारातल्या चिंचेच्या झाडाशी आले असेन नसेन, तोच मागून काहीतरी आलं आणि माझ्या अंगठ्यावर उभं राहिलं. घाईगडबडीत नाही. एसटीची वाट बघत माणूस उभा राहतो, तसं निवांत!

मी जी किंचाळले, ती म्हणे रसवंतीपर्यंत ऐकू गेली. वळून बघते तर तांबूस रंगाची, डावं शिंग वाकडं असलेली गाय शांतपणे रवंथ करतेय आणि तिच्या तोंडाशी दोर धरून आमचे आबा! “हो, हो, फुडं! फुडं चल!” करत त्यांनी तिला ओढून बाजूला केलं. मी जमिनीवर बसले. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यातलं थोडं कौतुकाचं होतं. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, सुनेसाठी धावत जाऊन गाईचा दोर धरायचा म्हणजे काय गंमत आहे?

मग मी कामाला लागले. आधी फोटो. (पहिला माझ्याच बोटाचा आला, दुसरा आभाळाचा. तिसऱ्यात खूर दिसतो, पण तो शेजारच्या म्हशीचा असावा.) मग खणखणीत आवाजात विचारलं, “ही गाय कोणाची?”

शेवटी पांढऱ्या मिशांचा एक शेतकरी पुढे आला. “मघापतूर माझी हुती.”

“आणि आता?”

“आता न्हाई. इकली.”

“कोणाला विकली?”

त्याने दलालाकडे पाहिलं. दलालाने टॉवेल खांद्यावर टाकला आणि आभाळाकडे पाहिलं. “ताई, सौदा टावेलाखाली झाला. बोटं दाबून भाव करायचा, तोंडानं बोलायचं न्हाई. कुनी घेतली, कितीला घेतली, आमी बाहेर सांगत नसतो. धंद्याची रीत हाय.”

“अहो, पण माझा अंगठा!”

“अंगठ्याचं लई वाईट झालं,” तो अगदी मनापासून म्हणाला.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, “गाईचा इमा हाय का?”

“असला तरी गाय मेल्यावर मिळतो. हितं गाय बी जिती, बाई बी जित्या,” दुसऱ्या कोणीतरी ऐकवलं.

एवढ्यात आबा म्हणाले, “मंदा, आधी दवाखाना. मग भांडण.”

माझ्या फ्रिजवरचा पहिला मुद्दा! मला पुन्हा भरून आलं. गाडीत बसल्यावर, ठणका सोसत, मी त्यांना धीर दिला. “आबा, तुम्ही मला वाचवलंत. पोलीस वगैरे आले तरी घाबरायचं नाही. अपघातात जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला त्रास द्यायचा नाही, असा कायदा आहे. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही.”

“नाव सांगायची सक्ती न्हाई?” आबांनी एकदम मान वर केली.

“मुळीच नाही.”

“कायदा लई चांगला हाय,” आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. घोट्याच्या वरपर्यंत प्लास्टर चढलं आणि मी त्याच पायाने वकीलबाईंचं ऑफिस गाठलं. कागद, फोटो, साक्षीदाराचं नाव, सगळं फायलीत लावून. त्यांनी फाईल चाळली, म्हशीच्या खुराचा फोटो दोनदा पाहिला.

“मंदाताई, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा तो नियम वाहनांच्या अपघाताचा. गाय हे वाहन नाही.”

“मग मला हक्क नाहीत?”

“आहेत ना. जनावर सांभाळण्यात हयगय झाली आणि त्यामुळे इजा झाली, तर भरपाई मागता येते. पण दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. गाय कोणाची होती आणि त्या वेळी दोर कोणाच्या हातात होता.”

“दोर माझ्या सासऱ्यांनी धरला. मला वाचवायला.”

“कधी धरला? गाय पायावर यायच्या आधी की नंतर?”

मला तो प्रश्न अजिबात आवडला नाही. “मॅडम, ते माझे साक्षीदार आहेत!”

“बरं बरं,” त्या उगीचच हसल्या. “मालकाचं नाव-पत्ता आणा. नोटीस काढू.”

झालं! शोधमोहीम सुरू. दलालाला फोन करावा, तर तो कायम रेंज नसलेल्या शेतात. बापूभाऊजींना काम नेमून दिलं, “वाकड्या शिंगाची गाय शोधा.” ते म्हणाले, “व्हय वहिनी, शोधतो की,” आणि दिवसाआड दुधाचा कॅन घेऊन यायला लागले. वस्तीवरचं, घट्ट, पिवळसर सायीचं दूध. आबा स्वतः पेला घेऊन समोर उभे राहायचे.

“हाडाला चांगलं असतं. संपीव.”

“आबा, हे दूध कोणाकडून घेता?”

“वळखीच्यातलंच हाय.”

आणि आबा तर पार बदलले! दर दोन-तीन दिवसांनी भाऊजींच्या मागे मोटारसायकलवर बसून वस्तीवर जायचे. “तुझ्या गाईचा तपास करून येतो.” संध्याकाळी परत यायचे ते धोतराला वैरणीच्या काड्या चिकटलेल्या आणि चेहऱ्यावर आनंद. मी शेजारीपाजारी सांगत सुटले, सुनेला न्याय मिळावा म्हणून ह्या वयात किती वणवण! महिला मंडळात तर मी त्यांच्या सत्काराचा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. शाल, श्रीफळ आणि माझं दोन शब्दांचं भाषण.

“सत्काराची सक्ती हाय का?” आबांनी विचारलं.

“नाही, पण...”

“मग ऱ्हाऊ दे.”

केवढा तो विनय!

मालक काही सापडेना. म्हणून मी ठरवलं, निदान साक्षीदार तरी पक्का करून ठेवावा. एका रविवारी दुपारी हॉलमध्ये कोर्ट मांडलं. आबा जेवणाच्या खुर्चीवर, मी सोफ्यावर पाय टीपॉयवर ठेवून, आणि विरुद्ध बाजूचे वकील म्हणून आमचे हे. (ह्यांचा एक डोळा टीव्हीवरच्या मॅचवर होता. विरुद्ध बाजूचा वकील जितका ढिला तितकं बरं, म्हणून मी चालवून घेतलं.)

“आबा, म्हणा, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.”

आबांचा चेहरा उतरला. “ही शपत खरी का नुसती तालमीची?”

“तालीम असली तरी शपथ ती शपथ!”

आबांनी शपथ घेतली. ह्यांनी जांभई दिली. “गाय कशी होती?”

“तांबूस. डावं शिंग वाकडं. कपाळावर चांदवा. स्वभावानं लई गरीब. कासेला हात लावला की पान्हा सोडती.”

“आबा,” मी मध्येच थांबवलं, “एवढं सांगायचं नाही. आरोपीची स्तुती होते.”

“थांब जरा,” हे म्हणाले आणि त्यांनी टीव्हीवरून नजर काढली. “पान्हा सोडते हे तुम्हाला कसं कळलं?”

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी विचारलेला हा पहिला मुद्द्याचा प्रश्न. तेवढ्यात दार ढकलून बापूभाऊजी कॅन घेऊन आत आले आणि सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थबकले.

“बापू, मी शपत घेतलीया,” आबा त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “गाय माझी हाय. दोर बी माझ्याच हातात हुता, पहिल्यापासनं. तू बघतीस का, म्हनून मी तुझ्याकडं बघत हुतो. तवर ती मागं सरली.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी टीव्हीकडे पाहिलं.

“तुझा नियम हाय,” आबा खाली बघत म्हणाले. “इकायची का आता तिला?”

मला खरं तर खूप काही बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण नजर भाऊजींच्या हातातल्या कॅनवर गेली.

“भाऊजी, हे दूध...”

“तिचंच, वहिनी. पहिल्या दिवसापासनं तिचंच.”

म्हणजे ज्या गाईवर मी दावा ठोकणार होते, तिचंच दूध मी रोज दोन पेले पीत होते! वर एकदा “साय जरा जास्त घाला” असंही म्हटलं होतं.

मी वकीलबाईंना फोन लावला. “मालक सापडला. दोरही त्याच्याच हातात होता. माझे सासरे.”

“तुमचे साक्षीदार?”

“तेच.”

“तुम्हाला वाचवणारे?”

“तेच.”

“सत्कार ज्यांचा होता...”

“तेच हो मॅडम!”

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, तो खोकला नव्हता. “तडजोड करा,” त्या कशाबशा म्हणाल्या. “जखमीला भरपाई मागायचा हक्क आहे. मागा काय हवं ते.”

मी तिथल्या तिथे अटी घातल्या. आबांनी निम्मा आठवडा वस्तीवर राहायचं, निम्मा आमच्याकडे. शेण काढणं, वैरण उचलणं भाऊजींकडे. आबांनी फक्त धार काढायची आणि गाईशी बोलायचं. दुधाचा कॅन चालू राहील. आणि सुनेपासून चोरून बाजारात बोटं दाबून घ्यायची नाहीत!

“म्हंजी गाय ऱ्हाती?”

“राहते.”

आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. “कुठं सही करू?”

“करू नका,” मी ओरडले. “घाईत कशावरही सही करायची नाही!”

पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि खूश झाले. “वा! ह्या वयात इतक्या लवकर हाड जुळलेलं मी फार कमी पाहिलंय. काय खाता?”

“दूध पिते. वस्तीवरचं.”

“असं दूध मिळतं कुठे? मलाही सुरू करायचंय. मालकाचं नाव-पत्ता द्या बरं.”

मी पर्समधून कागद काढला आणि स्वच्छ अक्षरात आबांचं नाव आणि त्याखाली आमच्याच फ्लॅटचा पत्ता लिहून दिला. नोटीस पाठवायला महिनाभर मी तोच तर शोधत होते!