दोराच्या टोकाला

आमची मुलगी आखातातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी तिनं आम्हा दोघांची तिकिटं काढली आणि फोनवर विचारलं, इथं आल्यावर काय काय पाहायचं ते आधीच सांगा. मी समुद्र म्हटलं. बालाघाटात जन्म गेला, वैनगंगेचा पूर पाहिला, पण समुद्र पाहिला नव्हता. यजमानांनी भलतंच सांगितलं. तिच्या शहरापासून दीड तासावर एक खेळांचा बगीचा आहे आणि त्यात त्या वेळी जगातली सगळ्यात वेगवान समजली जाणारी रोलर कोस्टर होती. त्यांना तिच्यात बसायचं होतं.

मुलीला वाटलं, बाबा चेष्टा करताहेत. मला तसं वाटलं नाही. महिनाभर ते मोबाईलवर तेच पाहत होते.

यजमान मँगनीजच्या खदानीत सत्तावीस वर्षं इंजिनघरात होते. खदानीत माणसं लोखंडी पिंजऱ्यात उभी राहून खाली जातात. पिंजरा जाड तारेच्या दोराला टांगलेला, आणि दोर वर इंजिनघरात एका मोठ्या ड्रमवर गुंडाळलेला. तो ड्रम फिरवायचा आणि थांबवायचा, एवढंच त्यांचं काम. खालून येणारे घंटीचे ठोके ऐकायचे, पिंजरा किती खाली गेला ते दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची, हात ब्रेकवर. मी ते इंजिनघर आतून कधी पाहिलं नाही. एकदा ते डबा विसरले म्हणून मी फाटकापर्यंत गेले होते, तिथूनच चौकीदारानं डबा घेतला. घरी आल्यावर कसा गेला दिवस म्हटलं की ते ‘बरा गेला’ म्हणायचे आणि पाय धुवायला जायचे.

रोलर कोस्टरचं वेड लागायचं कारण हेच होतं. ही गाडीसुद्धा ड्रम आणि दोरानंच ओढतात, हे त्यांना मोबाईलवर कळलं होतं. एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले असताना त्यांनी ते मला समजावून सांगितलं. धानावर औषध फवारायचा हातपंप असतो ना, म्हणाले, त्यात आधी हवा भरत राहावी लागते, आणि मग नळी उघडली की सगळं एका दमात बाहेर येतं. इथंही तसंच. मोठमोठ्या नळकांड्यांत एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला तेल. पंप तेल रेटत राहतात, गॅस दबत जातो. गाडी सोडायची वेळ आली की झडपा उघडतात, दबलेला गॅस तेलाला ढकलतो, ते तेल एकाच वेळी कितीतरी मोटारी फिरवतं आणि त्या सगळ्या मिळून एकच ड्रम फिरवतात. दोराला एक छोटी ट्रॉली बांधलेली, ती गाडीला खालून पकडते आणि ओढत नेते. वेग पुरता आला की ट्रॉली सोडून देते. पुढं गाडी आपल्याच जोरावर चढते-उतरते.

“एवढी ताकद एका खेपेत विजेपासून मागितली तर गावाचे दिवे जातीन,” ते म्हणाले. “म्हणून आधी जमा करून ठेवतेत.”

मला बरंचसं समजलं. न समजलेलं मी विचारलं नाही, कारण इतकं सलग बोलताना मी त्यांना फार दिवसांनी ऐकत होते.

तिथं पोचल्यावर पाचव्या दिवशी आम्ही निघालो. निघण्याआधी मुलीनं वडिलांचं ब्लडप्रेशर पाहिलं. पट्टा सोडून तिनं पुन्हा बांधला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाली की पाहायला चला, पण बसायचं नाही. प्रवासात त्यांनी दोन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या, हेही तेव्हाच बाहेर आलं. त्यांनी वाद घातला नाही. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले आणि दीड तास वाळू पाहत राहिले.

बगीच्यात ऊन असं होतं की रेलिंगला हात लावता येत नव्हता. आम्ही रुळाच्या सरळ पट्ट्यापाशी जाऊन उभे राहिलो. आधी काहीच नव्हतं. मग एक घरघर आली आणि गाडी समोरून गेली. मान वळवेपर्यंत ती दूरच्या चढावर पोचली होती. दुसरी गेली, तिसरी गेली. यजमान गाडीकडे पाहत नव्हते. ते रुळांच्या मधल्या फटीकडे पाहत होते, जिथून दोर परत येत होता.

मुलगी एकदा मैत्रिणींबरोबर त्यात बसली होती आणि उतरल्यावर ओकली होती, त्यामुळे तिनं आधीच हात जोडले होते. मी अठ्ठावन्न वर्षांची. मला कुणी विचारलंही नव्हतं.

“मी जातो,” मी आमच्या बालाघाटी बोलीत म्हटलं.

मुलगी हसली. मग माझ्याकडे पाहून तिनं माझंही ब्लडप्रेशर विचारलं. ते सकाळीच, हौस म्हणून, मी त्याच यंत्रावर स्वतःच मोजून घेतलं होतं आणि अगदी ठीक होतं. यजमान रुळांच्या फटीवरून नजर काढून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, डोकं मागं टेकवून ठेव, मान पुढं काढू नको. आणखी म्हणाले, “एक ध्यानात ठेवजो. दोर ओढते तवा झटका लागते का, ते मले सांगजो. अन् सोडते तवाही.”

मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा मुलीजवळ दिला. ओढणी काढून देताना जरा अवघडले, पण तिथं काम करणाऱ्या एका मुलीनं गळ्याला काही नको अशी खूण केली. तिनंच डोळ्यांवर रबरी पट्ट्याचा मोठा चष्मा चढवला. वेगात वाळूचा कण डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तो सगळ्यांनाच देतात. माझ्या शेजारी एक परदेशी बाई होती. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहून छातीवर हात ठेवला, मीही ठेवला.

गाडी थोडी पुढं आली आणि थांबली. मग किंचित मागं सरकली आणि खालून ‘खट्’ असा आवाज आला. ट्रॉलीनं धरलं, हे मला कळलं. बाकीच्यांना तो नुसता आवाज वाटला असेल.

पुढचं पाच सेकंदांचं होतं म्हणतात. मला भीती वाटायला वेळच मिळाला नाही. कुणीतरी भला मोठा तळहात छातीवर ठेवून मला खुर्चीत दाबत गेलं, आणि तो दाब वाढतच गेला. गाल मागं ओढले गेले. तोंड उघडं राहिलं, त्यात वारा भरला आणि श्वास घेताच येईना. मी मात्र झटक्याची वाट पाहत होते. तो आला नाही. मग एकाएकी तो तळहात उचलला गेला आणि आम्ही चढावर होतो, खाली सगळं पिवळं. वळणावर डोकं आपटलं, शेजारची बाई ओरडत होती. शेवटी वेग कमी झाला तोही तसाच, घर्षणाचा काहीच आवाज न करता. यजमानांनी सांगितलं होतं की ब्रेकमध्ये चुंबक असतात, ते गाडीला शिवतसुद्धा नाहीत.

मी उतरले. मुलीनं दंडाला धरून मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. यजमान समोर उभे.

“लागला काय झटका?”

“नाही,” मी म्हटलं. “ओढतानाही नाही अन् सोडतानाही नाही.”

“पक्कं?”

“पक्कं. तेच पाहत होतो मी.”

ते माझ्याशेजारी बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते लग्नाला चौतीस वर्षं होऊनही मी ऐकलं नव्हतं. एकट्यानं इंजिन सांभाळायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात एकदा त्यांचा ब्रेक उशिरा लागला आणि पिंजरा तळाशी जरा जोरात टेकला. कुणाला इजा झाली नाही. पाळी सुटल्यावर, खदानीच्या छताला लाकडी टेकू लावणारा एक वयस्क मजूर, किरनापूरकडचा, वर इंजिनघराच्या खिडकीशी आला. त्यानं आपला डबा खिडकीत ठेवला. बूड चेपलेलं होतं आणि वरण सगळं सांडलेलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “बाबू, आम्ही पिंजऱ्यात डोळे मिटून उभं राह्यतो.”

“त्या दिवसापासून मी दर खेपेला पिंजरा श्वास धरून टेकवला,” यजमान म्हणाले. “पण खाली झटका लागते का, हे मी कधी कोणालेच विचारलं नाही. लाज वाटे.”

“काहून?” मी विचारलं.

“कोणी लागते म्हटलं असतं तर?”

मुलगी खाली बसून माझ्या बुटाचे बंद बांधत होती. ती तशीच थांबली. मला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, पण आजूबाजूला माणसं होती. मी पाण्याची बाटली त्यांच्याकडे दिली, आणि त्यांनी ती सगळी पिऊन टाकली.

दोन दिवस माझी मान धरली होती. मुलगी ड्यूटीवरून आली की मलम चोळून द्यायची. त्या आठवड्यात आम्ही समुद्रही पाहिला. यजमान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात बराच वेळ उभे राहिले आणि मला तिथूनच, तू पण ये, असा हात करत राहिले.

बालाघाटला परतल्यावर मी एका गोष्टीची चौकशी केली. तो टेकू लावणारा मजूर कधीच वारला होता, पण त्याचा मुलगा किरनापूरच्या बाजारात बियाण्यांचं दुकान चालवतो असं कळलं. मी यजमानांना सांगितलं. ते ‘हौ’ म्हणाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून ते बसस्टँडवर गेले. दुपारी परत आले तेव्हा पिशवीत त्या दुकानातल्या दोडक्याच्या बिया होत्या, आणि आम्ही परसात जागा कुठं आहे ते पाहायला लागलो.