ट्रेडमिलवर पहिला मान जावयाचा

आमच्या घरात हृदयविकार सासऱ्यांना व्हायचा ठरला होता, तो मला झाला.

सासरे म्हणजे नाना. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम डभोई. वरणावर तुपाची धार, पोळीवर तुपाची धार, आणि धार धरताना हात थरथरला तर जरा जास्तच! उन्हाळ्यात ते आमच्यासाठी वर्षाचे गहू घेऊन रावपुऱ्यात आमच्या घरी आले आणि तिसऱ्या मजल्यावर पोचताच धापा टाकू लागले.

"अहो, नानांना दम लागलाय!" बायको ओरडली.

"लागणारच. नळ्या तुंबल्यात," मी सोफ्यावरूनच निदान केलं. (नळ्यांमधलं मला कळतं. मी रिफायनरीत होतो. हिशेब खात्यात होतो, पण रिफायनरीत होतो!) नानांनी गव्हाची गोणी खांद्यावरून आणली होती आणि माझी कंबर धरल्यामुळे मी फक्त दार उघडलं होतं, हा तपशील मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही.

त्या दिवसापासून नानांचं तूप बंद. जेवताना मी त्यांना कोलेस्टेरॉलवर व्याख्यान देई आणि ते बिचारे कोरडी पोळी चावत ऐकत. बायकोची आई अशीच बसल्या जागी गेली होती. आता वडीलही जातात की काय, या धास्तीने तिची झोप उडाली होती. शेवटी आम्ही नानांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे चालता पट्टा होता. छातीला वायरी लावून त्यावर चालायचं. नानांचं नाव पुकारलं गेलं. नाना जागचे हलेनात.

"नाना, चढा ना!"

"छे छे! जावईबापू हजर असताना मी आधी?"

"अहो, ही पंगत नाही, तपासणी आहे!"

"काय असेल ते असो. लेक दिली त्या दिवसापासून तुमच्याआधी मी घास घेतला नाही. पहिला मान तुमचा!"

"काका, जल्दी करो ने, पाछळ लाइन छे!" मागची रांग दाखवत मशीनवरचा माणूस वैतागला.

"अहो, चढा की तुम्हीच!" बायको कुजबुजली. "त्यांना तेवढाच धीर येईल."

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि फार प्रेमाने म्हणाले, "हा हा, तमे पण करावी लो!" म्हणजे तुम्हीही करून घ्या.

मी शर्ट काढला आणि ऐटीत पट्ट्यावर चढलो. "बघा नाना, छाती पुढे. श्वास नाकाने. चढ आला तरी घाबरायचं नाही..." चढ आला. माझं वाक्य खालीच राहिलं. तेवढ्यात पडद्याकडे पाहणारे डॉक्टर ताडकन उठले.

"ऊभा रहो! मशीन बंध करो!"

"झालं? इतक्यात पास?" मी धापा टाकत विचारलं.

त्यांनी मला आडवं केलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मध्ये न तोडता ऐकलं. माझ्या हृदयाच्या नळ्यांत अडथळे असावेत. रक्त कमी पडलं की ठोके भलत्याच तालात पडायला लागतात. ताल फारच बिघडला तर हृदय नुसतं थरथरतं आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. बायकोने माझा हात घट्ट धरला. तिचा हात गार पडला होता. मी घाबरलो. खरोखर घाबरलो.

अशा वेळी नाना शांतपणे पट्ट्यावर चढले, सगळी तपासणी संपेपर्यंत चालले आणि उतरताना म्हणाले, "एवढंच?" त्यांचं हृदय ठणठणीत होतं!

माझ्या दोन नळ्यांत स्टेंट बसले. दवाखान्यात माझ्या उशाशी नानाच बसून असत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विनयाने सांगत, "खरं तर नंबर माझा होता. पण मी यांना पुढे केलं."

माझी काळजी घ्यायला नाना आमच्याकडेच राहिले आणि आता आम्ही दोघे रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जातो. परवा ओळखीचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "वा! या वयात सासऱ्यांना फिरायला आणता, फार कौतुक वाटतं हो तुमचं!"

मी त्यांचा गैरसमज दूर करणारच होतो. पण नाना बरेच पुढे निघून गेले होते आणि मला बोलण्याइतका दम उरला नव्हता.